माझ्या आजारपणाची एकसष्ट पानं

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या नव्या डॉक्टर मॅडमनी मला साधाच प्रश्न विचारला. "ॲडमिट होतात तेव्हा कुठल्या इंजेक्शनची रिॲक्शन आली होती?" मला सांगता आलं नाही. मान एका बाजूला ओढली जाऊन तिथेच अडकली होती, डोळे वर गेले होते, जीभ जड झाली होती, एवढं पक्कं आठवतं. औषधाचं नाव आठवत नाही. मॅडम म्हणाल्या, "पुन्हा कधी वेळ आली तर समोरचा डॉक्टर नेमकं तेच इंजेक्शन देईल. नाव मिळवा."

११ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२२ असे तेवीस दिवस मी एका खासगी मनोरुग्णालयात होते. दादाने नेलं होतं. त्यातले पहिले पाच-सहा दिवस माझ्याकडे नाहीतच. तुकडे आहेत फक्त. छताचा पंखा, फिनाइलचा वास, पलंगाला बांधलेले हात, "शांत व्हा, शांत व्हा" म्हणणारा कुणाचा तरी आवाज. ते कुठल्या रात्री घडलं, किती वेळ चाललं, काही माहीत नाही. तीन वर्षं मी ते तुकडे जुळवत होते. औषधाचं नाव हवं होतं हे खरं, पण फाइल मागायचं ठरवलं ते त्या रात्रीसाठीही. हे दुसरं कारण मी घरी कुणालाच सांगितलं नाही.

डिस्चार्ज कार्ड घर बदलताना कुठेतरी गेलं होतं. १९ मेला रुग्णालयात फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "फाइल पेशंटला देत नाहीत, नातेवाइकांना घेऊन या." दोन दिवसांनी परत केला तर म्हणाली, "ताई, आता बऱ्या आहात ना? मग कशाला जुनं उकरून काढताय?" तिच्या बोलण्यात आपुलकी होती, म्हणूनच जास्त लागलं. ॲपेंडिक्सच्या ऑपरेशनचे कागद मागितले असते तर हा प्रश्न आला नसता. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते, कारण क्षणभर मलाही वाटून गेलं की तिचं बरोबर असेल.

फोनवर मागणं ही माझी पहिली चूक. बोललेलं कुठेच राहत नाही. नकारही तोंडी मिळतो आणि त्याचं पुढे काही करता येत नाही.

मग आठवडाभर रोज संध्याकाळी ऑफिसमधून आल्यावर कायदा वाचत बसले. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. तो २०१८ पासून लागू आहे, म्हणजे मी दाखल झाले त्याच्या चार वर्षं आधीपासून. त्यातलं कलम २५ अवघ्या काही ओळींचं आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क आहे, असं ते सांगतं. डॉक्टर काही विशिष्ट माहिती रोखून ठेवू शकतात, पण दोनच कारणांसाठी: ती उघड केल्याने रुग्णाला गंभीर मानसिक इजा होणार असेल, किंवा दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल. आणि रोखली, तर ती मिळवण्यासाठी रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो हे त्यांनीच रुग्णाला सांगायचं असतं. हे शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. पुढे त्याचाच उपयोग झाला.

कायद्याखाली २०१८ चे नियम आहेत. अर्ज फॉर्म ए मध्ये, रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या नावे करायचा. त्यांनी पंधरा दिवसांत फॉर्म बी मध्ये नोंदी द्यायच्या. शिवाय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम कुठल्याही डॉक्टरला लागू आहेत. त्यात रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असं म्हटलंय. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ मध्येच, रघुनाथ रहेजा विरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल या खटल्यात, रुग्णाला केसपेपरच्या प्रती द्याव्याच लागतील असं स्पष्ट केलं होतं. इतकं जुनं आहे हे, आणि आपल्याला माहीतच नसतं.

त्याच २००२ च्या नियमांत आणखी एक ओळ सापडली आणि पोटात गोळा आला. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवायच्या, असं त्यात आहे. म्हणजे ११ सप्टेंबर २०२५ नंतर माझी फाइल रद्दीत गेली तर त्या नियमावर बोट ठेवून मला भांडता आलं नसतं. हातात साडेतीन महिने होते. तुम्ही हे वाचत असाल आणि मागायचं मनात असेल, तर आधी दाखल झाल्याची तारीख काढा आणि तीन वर्षं मोजा.

९ जूनला, सोमवारी, रजा टाकून एसटीने गेले. बायकांना अर्ध तिकीट, त्यामुळे जाऊन-येऊन दोनशे दहा रुपयांत झालं. फॉर्म ए भरला होता, पण त्याला एक साधं पत्रही जोडलं होतं. फॉर्म बी हा सारांश असतो, हे मला तोवर कळलं होतं. मला सारांशाखेरीज औषधांचे तक्ते हवे होते, सिस्टरांच्या रोजच्या नोंदी हव्या होत्या आणि बांधून ठेवल्याच्या नोंदी हव्या होत्या. हे तिन्ही मी नावानिशी लिहिलं. "माझी सर्व कागदपत्रे द्यावीत" असं मोघम लिहिलं की समोरचाही मोघम उत्तर देतो. सोबत आधार कार्डाची झेरॉक्स आणि त्या वेळच्या बिलाची एक प्रत लावली. बिलावर आयपीडी नंबर, म्हणजे दाखल रुग्णाचा क्रमांक, असतो आणि तो दिला की फाइल सापडत नाही असं म्हणता येत नाही.

त्या इमारतीत पाऊल टाकताना हातापायांना घाम फुटला होता. तोच वास आला. मी बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, दहा मिनिटं थांबले आणि परत आत गेले. शक्य असेल तर सोबत कुणाला तरी न्या. मी एकटी गेले, पुन्हा जायची वेळ आली तर एकटी जाणार नाही.

रिसेप्शनने अर्ज घेतला, पण पोच द्यायला तयार नाही. "ठेवून जा, सरांना दाखवतो." मी म्हटलं, शिक्का आणि तारीख मिळाल्याशिवाय जाणार नाही. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिथे त्याचा अर्थ वेगळाच निघाला असता. ही भीती आपल्यासारख्यांना कायम असते: साधा राग आला तरी लोक आजारच बघतात. बाकावर बसून राहिले. दोन तासांनी खालच्या मजल्यावरच्या रेकॉर्ड विभागातले एक वयस्क गृहस्थ जिन्यावरून वर आले, अर्ज वाचला, म्हणाले, "ताई, हा नंबर आहे म्हणजे फाइल आहे. द्या, मी आवक नंबर टाकतो." माझ्या प्रतीवर त्यांनी शिक्का मारला, खाली सही आणि तारीख घातली. काकांचे आभार मानताना मला रडू आलं. तो शिक्का नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

२४ जूनला पंधरा दिवस संपले. काही आलं नाही. २७ तारखेला रजिस्टर एडीने स्मरणपत्र पाठवलं, पोचीची झेरॉक्स जोडून, कलम २५ आणि २००२ च्या नियमांचा उल्लेख करून. धमकी नाही, वकिली भाषा नाही, एका पानात काम. ८ जुलैला पाकीट आलं. त्याआधी त्यांनी फोन करून "फाइल काढण्याचे" पाचशे रुपये ऑनलाइन भरायला लावले होते. मी भरले आणि पावती मागून घेतली.

आत दोन पानांचा फॉर्म बी होता. दाखल तारीख, सुट्टीची तारीख, कलम ८९ म्हणजे आधारासह (प्रतिनिधीच्या अर्जावरून) दाखल, तक्रारी, तपासण्या, निदान, उपचार. निदानापुढे एफ ३१.२. बायपोलर, उन्मादाचा झटका, सायकोसिसच्या लक्षणांसह. हे मला माहीत होतं. तरीही "इनसाइट: ॲबसेंट" ही ओळ वाचली आणि पाकीट मिटवून ठेवलं. डॉक्टरांची परिभाषा आहे ती, आपण आजारी आहोत याची त्या वेळी जाण नव्हती इतकाच तिचा अर्थ. पण आपल्याच नावाखाली छापलेलं ते वाचताना आपण माणूस म्हणूनच गैरहजर होतो असं वाटतं. दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. लिथियम होतं, ओलान्झपिन होतं. आणि इंजेक्शनपुढे? "इंजेक्टेबल अँटिसायकोटिक, गरजेनुसार." नाव नाही. रिॲक्शनचा उल्लेख नाही. हात बांधल्याचाही नाही.

सोबतच्या पत्रात एकच ओळ होती: "रुग्णाच्या हिताच्या दृष्टीने इतर नोंदी देता येत नाहीत." गंभीर इजेबद्दल एक शब्द नाही. मंडळाकडे जाता येतं हेही नाही.

इथे मी थांबणार होते. खरंच. रात्री झोप उडाली होती, आणि झोप उडणं माझ्यासाठी धोक्याची घंटा असते. मॅडमना भेटले. त्यांनी गोळी थोडी वाढवली आणि म्हणाल्या, "हे करायचंच असेल तर झोप सांभाळून करू. दर आठवड्याला मला मेसेज टाका." हा सल्ला मी सगळ्यांना देईन. या प्रक्रियेत चालू डॉक्टरांना सामील करून घ्या. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. मी एकदा केला होता. पलीकडच्या बाईंनी मराठीत, घाई न करता ऐकून घेतलं.

मंडळ म्हणजे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ, बोलताना सगळे रिव्ह्यू बोर्ड म्हणतात. आपल्या भागाचं मंडळ कुठे बसतं हे शोधण्यातच माझा आठवडा गेला असता. पण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले आणि ते काम एका दुपारी झालं. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला या कायद्याखालचे हक्क मिळवण्यासाठी मोफत कायदेशीर मदत मिळते, कलम २७. बायकांना तर ती उत्पन्नाची अट न लावता एरवीही मिळते. त्यांचा फोन नंबर १५१००. मला एक तरुण वकील ताई मिळाल्या. त्यांनी मनोरुग्णालयाचं प्रकरण कधी हाताळलं नव्हतं, पण त्यांनी ते आधीच सांगितलं आणि कायदा वाचून आल्या.

१४ जुलैला अर्ज गेला. मंडळाकडे अर्जाला फी नाही. वकील लागतोच असंही नाही, रुग्ण स्वतः बाजू मांडू शकतो. अर्जात माझं नाव, संपर्क, रुग्णालयाचं नाव, कुठला हक्क डावलला गेला आणि मला काय हवंय, एवढंच. त्याच दिवशी वकील ताईंनी रुग्णालयाला एक वेगळं पत्र पाठवायला लावलं: प्रकरण मंडळापुढे आहे, निकाल लागेपर्यंत माझी फाइल नष्ट करू नये. तीन वर्षांच्या मुदतीची जी धास्ती होती, ती या पत्राने कमी झाली.

मंडळाने अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करायचा असतो. पहिली तारीख २१ ऑगस्टची मिळाली आणि सदस्य कमी पडले म्हणून पुढे गेली. गणपतीत मी गावी गेले नाही. दादा विचारत राहिला, मी कामाचं कारण सांगत राहिले.

१८ सप्टेंबरला सुनावणी झाली. कोर्टरूम नव्हती, एक लांब टेबल आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या असलेली खोली. सुनावणी बंद दाराआड असते, परवानगीशिवाय बाहेरचं कुणी बसू शकत नाही. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. एक मानसोपचारतज्ज्ञ होते, आणि एक बाई होत्या, त्यांच्या घरात असा आजार आहे म्हणून त्या मंडळावर. कायद्यातच तशी तरतूद आहे, मानसिक आजार असलेली व्यक्ती किंवा तिची काळजी घेणारी माणसं मंडळावर असू शकतात. मला त्या बाईंमुळे धीर आला. त्यांनीच पहिला प्रश्न विचारला, "तुम्हाला नक्की काय वाचायचंय, आणि वाचल्यावर त्रास झाला तर काय करणार आहात?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, कारण मॅडमची चिठ्ठी होती. माझी प्रकृती स्थिर आहे आणि नोंदी आम्ही दोघी मिळून वाचू, असं त्यांनी लिहून दिलं होतं. एवढ्या सहा ओळींच्या चिठ्ठीने रुग्णालयाचा "रुग्णाच्या हिताचा" मुद्दा जवळजवळ संपला.

रुग्णालयाचे डॉक्टर आले होते. मी त्यांच्याशी भांडायच्या तयारीत गेले होते. ते शांतपणे म्हणाले की फाइलमध्ये भावाने आणि वहिनीने दिलेली माहिती आहे. ती त्यांनी विश्वासाने सांगितली होती, ती माझ्या हाती गेली तर घरात काय होईल याची काळजी वाटते. हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. त्या दिवसांत दादाने डॉक्टरांना काय काय सांगितलं असेल? मी त्याच्याशी कशी वागले असेन? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ती पानं नकोत. माझ्याबद्दल असली तरी ती त्याची आहेत. वकील ताईंना हे पटलं नाही, त्या म्हणत होत्या की पूर्ण फाइलच मागायला हवी. मला अजूनही माझंच बरोबर वाटतं.

आदेश असा झाला: औषधांचे तक्ते, सिस्टरांच्या नोंदी, डॉक्टरांच्या फेरीच्या नोंदी आणि बांधून ठेवल्याच्या नोंदी द्याव्यात, नातेवाइकांच्या जबान्या झाकाव्यात, झेरॉक्सचा खर्च दोन रुपये पान. मंडळाचा निर्णय मान्य नसता तर तीस दिवसांत उच्च न्यायालयात जाता आलं असतं, तशी गरज पडली नाही.

३ ऑक्टोबरला एकसष्ट पानं आली. एकशे बावीस रुपये.

ती मी घरी उघडली नाहीत. मॅडमच्या दवाखान्यात शेवटची वेळ मागून घेतली होती. त्यांनी आधी औषधांचा तक्ता काढला. १२ सप्टेंबर, रात्री, इंजेक्शन हॅलोपेरिडॉल. १३ सप्टेंबर, पहाटे, सिस्टरांच्या अक्षरात: "मान उजवीकडे वळली, डोळे वर. डॉक्टरांना कळवले. इंजेक्शन फेनर्गन दिले. अर्ध्या तासाने आराम." मॅडम म्हणाल्या, "हेच. हॅलोपेरिडॉलमुळे स्नायू असे आखडतात, याला डिस्टोनिया म्हणतात." मला चार महिने लागले हॅलोपेरिडॉल या एका शब्दाला.

मग ती रात्र. ती वेगळी नव्हतीच, तीच रात्र होती. "१.५० पेशंट दार वाजवत आहे, बाहेर जायचे म्हणते. २.२० हात-पाय बांधले. डॉक्टरांची फोनवर परवानगी. ३.४० सोडले. पाणी दिले. मनगटाला वळ, मलम लावले." एक तास वीस मिनिटं. माझ्या आठवणीत ती पूर्ण रात्र होती, उजाडेपर्यंत. कुणाचं खरं ते मला कधीच कळणार नाही. पण "मनगटाला वळ" या दोन शब्दांपाशी मी थांबले. कुणी तरी पाहिलं होतं. कुणी तरी मलम लावलं होतं आणि ते लिहूनही ठेवलं होतं. मी माझ्याच मनाचे खेळ समजून तीन वर्षं ज्याबद्दल बोलले नाही, ते निळ्या शाईत तिथे होतं.

शेवटच्या पानावर दाखल होताना जमा केलेल्या वस्तूंची यादी होती. एक घड्याळ, एक चष्मा, पैंजण जोड. खाली माझी सही. सरळ, नेहमीसारखी. ती केल्याचं मला काहीही आठवत नाही.

मॅडमनी माझ्या केसपेपरच्या पहिल्याच पानावर लाल शाईने हॅलोपेरिडॉलबद्दल लिहिलं. तेच मी एका कार्डावर लिहून पाकिटात ठेवलंय आणि फोनमध्येही. सगळा खर्च जोडला तर झेरॉक्स, टपाल, प्रवास, रुग्णालयाचे पाचशे धरून अठराशेच्या आत बसला. रजा मात्र चार गेल्या.

कलम ९७ प्रमाणे कुणाला बांधून ठेवलं तर त्याचं कारण, पद्धत आणि वेळ नोंदवावी लागते, आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला, चोवीस तासांत कळवावं लागतं. माझ्या बाबतीत तो प्रतिनिधी म्हणजे दादा. त्याला कळवल्याची नोंद एकसष्ट पानांत कुठेही नाही. तक्रार करायची की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही, त्याला वेळ देणार आहे. पण दादाला विचारणं भाग होतं. म्हणून त्याला फोन करून सगळं सांगितलं, मे महिन्यापासूनचं. त्या रात्रीचंही. "तुला कुणी सांगितलं होतं का रे, मला बांधलं होतं म्हणून?"

तो म्हणाला, "नाही. मी रोज फोन करायचो. शांत आहेत, झोपल्यात, एवढंच सांगायचे." मग बराच वेळ काही बोलला नाही.

"रविवारी येतो," शेवटी म्हणाला. "ती पानं मला दाखवशील?"

मी हो म्हटलं.